आवाज काढून दाखवा

माझे साडू हे या पृथ्वीतलावरचे एकमेव गृहस्थ असतील, ज्यांनी उभ्या आयुष्यात एकाही मोटारसायकलीचा एकही नट खोललेला नाही आणि तरीही जामखेडपासून खर्ड्यापर्यंतच्या पट्ट्यात कुणाच्याही मोटारसायकलीच्या पोटात काय दुखतंय याबद्दल त्यांचाच शब्द शेवटचा मानला जातो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वयानं माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो, आणि मी शाळेत मराठी शिकवतो म्हणून ते मला गुरुजी म्हणतात. व्यवसाय पिठाच्या गिरणीचा. जामखेडच्या गॅरेजात गाडी नेली की तिथला मिस्तरी आधी विचारतो, ‘गिरणीवाल्यांना दाखवली का?’ दाखवली असेल तर तो पुढं एक अक्षर बोलत नाही, पाना घेतो आणि सांगितलेल्या जागी खोलतो. नसेल दाखवली तर डोकं खाजवत बसतो. मला या प्रकाराचं कोडं कधी उलगडलं नाही. दळण दळणारा माणूस आणि इंजिनाचं निदान यांचा संबंध काय, हे मी पहिली दहा वर्षं बायकोला विचारत होतो. नंतर तिनं चिडून, तुम्हाला तरी व्याकरणाचा काय उपयोग झाला, असं विचारलं, तेव्हापासून मी तो विषय बंद केला.

संबंध होता, आणि तो साधाच होता. भाऊंची गिरणी आधी डिझेलच्या इंजिनावर चालायची. पत्र्याची एक खोली, तिच्यात ते धूड, आणि त्याच्या कुशीत स्टूल टाकून भाऊ, असे सव्वीस-सत्तावीस वर्षं बसले. त्या इंजिनाच्या आवाजात एवढासा फरक पडला तरी झोपेतून उठावं तसे उठायचे. पुढं गिरणीला वीज आली, तेव्हा सगळ्या गावानं पेढे खाल्ले आणि भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, मोटर मुकी असते, तिला कुठं दुखतं ते तिला सांगताच येत नाही. मग त्यांचं लक्ष दळण घेऊन येणाऱ्यांच्या गाड्यांकडं गेलं. बाजरीचं पोतं उतरवणाऱ्याला ते सहज म्हणायचे, पाव्हणं, तुमच्या गाडीचा टॅपेट सैल झालाय. पाव्हणे तपासून घ्यायचे तर खरंच सैल झालेला असायचा. असं पाच-दहा वेळा झाल्यावर गिरणीच्या दारात दळणापेक्षा गाड्या जास्त दिसायला लागल्या. भुवया, मिशी आणि कानावरचे केस पिठानं पांढरे, हात मात्र स्वच्छ, अशा अवतारात हा माणूस गाडीभोवती एक फेरी मारायचा आणि निकाल द्यायचा. खोलायला कधी तयार व्हायचा नाही. ‘खोलनारे लई हायेत, सांगनारं कुनी न्हाई,’ हे त्यांचं वाक्य तालुक्यात म्हण होऊन बसलं आहे.

पण त्यांची एक अट होती, आणि ती भल्याभल्यांना घाम फोडायची. गाडी समोर सुरू असली तरी मालकानं तो आवाज स्वतःच्या तोंडानं काढून दाखवायचा. ‘आवाज येतो म्हनू नका. कसा येतो त्ये काढून दाखवा.’ एका माजी सरपंचांना त्यांनी भर बाजारच्या दिवशी ओट्यावर उभं करून टर्रर्र, टर्रर्र करायला लावलं होतं. सरपंचांनी निवडणुकीतसुद्धा एवढा घसा ताणला नव्हता. एक नवीन लग्न झालेला गडी बायकोला मागं बसवून आला, तर त्याला काही जमेना. बायकोनं पदर तोंडाला लावून इतका बरोबर आवाज काढला, की भाऊ म्हणाले, पोरगी हुशार आहे, इथून पुढं गाडी हिलाच चालवू दे. मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. अरे, गाडी समोर धडधडतेय, कान आहेत, ऐका की! माणसांची नाटकं कशाला करून घेता? पण असं त्यांना विचारायची सोय नव्हती. ते साडू पडले, आणि तेही थोरले.

दुसरी तऱ्हा याहून विचित्र. त्यांच्याकडे हातभर लांबीचं एक डिसमिस होतं. डिसमिस म्हणजे आपला स्क्रू ड्रायव्हर. हे नाव कुठून आलं ते मी कोशात शोधलं, सापडलं नाही. इतर मिस्तरी डिसमिसचं टोक इंजिनावर ठेवतात आणि मूठ कानाला लावतात, म्हणजे आतला आवाज ऐकू येतो. भाऊ मूठ दातात धरायचे. चालू इंजिनापुढं उकिडवं बसून, डोळे मिटून, डिसमिसची मूठ उसाच्या कांडक्यासारखी दातात गच्च धरलेला माणूस मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही. ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, हे बंद करण्यासाठी जंग जंग पछाडलं. आल्या-गेल्यासमोर शोभत नाही म्हणायच्या. भाऊ दातातलं डिसमिस न काढताच उत्तर द्यायचे, त्यामुळं ते काय म्हणाले हे कुणाला कळायचं नाही आणि भांडण तिथंच अडायचं.

माझी गाडी आवाज करायला लागली तेव्हा मीही या फेऱ्यात सापडलो. माझी गाडी म्हणजे एक जुनी, शंभर सीसीची, वीस वर्षं मला रोज शाळेत नेणारी गरीब गाय. एक दिवस सकाळी पहिल्या किकला ती काहीतरी निराळंच बोलली. दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेलो. भाऊंनी विचारलं, कसा आवाज? मी म्हटलं, खळखळ येतो.

‘खळखळ वढ्याला असती, गुरुजी. गाडीत पानी भरलंय का?’

मराठीच्या मास्तराला हे लागलं. मी म्हटलं, बरं, खडखड. तर म्हणाले, खडखड म्हटलं की पिस्टन आला, मग तुमचं घरच बसलं, जरा विचार करून बोला. मी टिकटिक म्हटलं, तर ती घड्याळाला आणि टॅपेटला असते म्हणाले. किणकिण, कुरकुर, सळसळ, माझ्याकडं होते नव्हते तेवढे शब्द मी पुढं केले, आणि एकेक शब्द ते भाजीवालीनं किडकं वांगं बाजूला टाकावं तसे टाकत गेले. शेवटी दमून मी म्हटलं, खुळखुळ असेल. तसे ते एकदम सावध झाले. खुळखुळ्यासारखी, का पायलीत चार दाणे टाकून हलवल्यासारखी? सकाळी जास्त आणि मैलभर गेल्यावर कमी? ॲक्सिलेटर सोडला की वाढते? सगळ्याला मी हो हो म्हणत गेलो. मग त्यांनी काढून दाखवा म्हटलं. दळणाला आलेल्या चार बायका तिथं बसलेल्या, त्यांतल्या तिघींची पोरं माझ्या वर्गात. त्यांच्यासमोर मी तोंड वर करून ‘खुळुळुळुळु’ असा आवाज काढला. एकीनं पदरात तोंड लपवलं. भाऊ मात्र माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. मग म्हणाले, ‘तुमचं टेन्शन गेलंय.’ आणि वळून चक्कीत गहू ओतायला लागले.

मला काय वाटावं? माझं टेन्शन गेलं! घरी येऊन बायकोला सांगितलं, भाऊ म्हणाले काही काळजी नाही. तिलाही बरं वाटलं, तिनं शिरा केला. आठ दिवस मी त्या खुळखुळीकडं बघून हसायचो, की वाज बाई, आता तुझं भय नाही. नवव्या दिवशी शाळेच्या अलीकडं दोन मैलांवर गाडीच्या पोटात खाड्कन वाजलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. किक मारली तर पाय आपोआप खाली जायला लागला, इंजिनात जीवच नाही. त्या दिवशी मी लिंबांच्या टेम्पोत बसून शाळेत गेलो आणि दिवसभर मुलं माझ्या अंगाचा लिंबांचा वास हुंगत हसत होती.

संध्याकाळी तावातावानं गिरणीत गेलो. भाऊ माझ्याहून तावात. म्हणाले, सांगितलं होतं की टेन्शन गेलंय म्हणून! मी म्हटलं, अहो, टेन्शन गेल्यावर माणूस निवांतच होणार ना? ते माझ्याकडं बघतच राहिले. मग हातातला पिठाचा फडका खाली ठेवून म्हणाले, ‘गुरुजी, मानसाचं टेन्शन गेलं तर मानूस सुटला. गाडीचं गेलं तर गाडी गेली.’

त्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून समजावलं. इंजिनाच्या आत एक चेन असते. मी म्हटलं, चेन तर बाहेर असते, मागच्या चाकाला. ती नव्हे, आत दुसरी, टायमिंगची. वीस वर्षं मी या गाडीवर बसतोय आणि तिच्या आत आणखी एक चेन आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं! वरच्या झडपा कधी उघडायच्या आणि कधी मिटायच्या, ते ती चेन ठरवते. चेन जुनी झाली की लांबते, सैल पडते, म्हणून एक दांडी तिला स्प्रिंगनं सारखी दाबून धरते. तो टेन्शनर. तो दमला की चेन आत आपटते, खुळखुळते, आणि एक दिवस दात सोडून पुढं उडी मारते. मी विचारलं, म्हणजे शिपायानं घंटा चुकीच्या वेळी दिली की दोन तास एकमेकांच्या अंगावर येतात, तसं? भाऊ खूश झाले. निदान एका बाबतीत तरी मला अक्कल आहे असं त्यांना त्या दिवशी वाटलं असावं.

मी मात्र चिडलेलाच होतो. म्हटलं, तुमचंच निदान चुकलं असतं तर? तसा त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, आजवर त्यांच्या शब्दावर विसंबून कुणाची गाडी रस्त्यात बसलेली नाही, आणि ज्या दिवशी बसेल त्या दिवसापासून ते गाडीकडं बघणार नाहीत, दार लावून घेतील. हे ते हसत बोलले नाहीत. मला तेव्हा ओट्याकडं बघून कळलं की हा माणूस कशावर जगतोय. आता घरोघरी घरघंट्या झाल्या, तयार पीठ पिशवीत मिळतं, दळणाला दिवसाला सहा-सात डबे आले तरी खूप. तो ओटा भरलेला असायचा तो गाड्यांमुळं. कुणी आवाज काढतोय, कुणी हसतोय, कुणी तंबाखू मळत निकालाची वाट बघतोय. त्यांचा शब्द एकदा खोटा पडला असता तर त्या ओट्यावर पीठ आणि भाऊ एवढंच उरलं असतं.

गेल्या वर्षी भाऊंचे दात गेले. नगरला जाऊन त्यांनी कवळी करून आणली. तेव्हापासून ते लांब डिसमिस खिळ्याला लटकलेलं दिसायला लागलं. मी विचारलं तर म्हणाले, दातात धरलं की इंजिनाच्या आधी कवळीच खुळखुळते, त्यांचाच टेन्शनर गेलाय. आम्ही सगळे हसलो. पण त्यांच्या तऱ्हा वाढत चालल्या. आता आवाज एकदा काढून भागेना, तीन-तीनदा काढायला लावायचे. उजेडात या म्हणायचे. माझ्याकडं तोंड करून काढा, खाली बघू नका. फोनवर कुणी गाडीचं विचारलं तर फोन ताईंच्या हातात देऊन म्हणायचे, फोनवर निदान होत नसतं. मला वाटलं, म्हातारपण आलं, नखरे वाढले, आणि तसं मी घरी बोलूनही दाखवलं. बायको म्हणाली, तुमचं काय कमी वाढलंय?

आणि मग या हिवाळ्यातला तो रविवार आला. मी ज्वारी घेऊन गेलो होतो. चक्कीत ज्वारी पडली आणि लाईट गेली. गिरणी बंद. चार-पाच जण ओट्यावर उन्हात बसलो. इतकी शांतता त्या जागेत मी क्वचितच अनुभवली असेल. तेवढ्यात आमच्या भागातली आशाताई आली. आशा कार्यकर्ती म्हणून घाटाखालच्या चार वस्त्यांवर ती रोज एकटी जाते, माहेरून आणलेल्या भावाच्या जुन्या गाडीवर. अंगात गुलाबी कोट, तोंडाला उन्हासाठी स्कार्फ गच्च बांधलेला, फक्त डोळे दिसताहेत. घाईत होती. खालच्या वस्तीवर एक बाळंतीण होती, तिच्याकडं जायचं होतं. गाडी चालूच ठेवून ती म्हणाली, भाऊ, आवाज यायला लागलाय, घाट उतरू का नको एवढंच सांगा.

भाऊ म्हणाले, कसा येतो त्ये काढून दाखवा.

तिनं स्कार्फच्या आतूनच आवाज काढला. अगदी स्पष्ट, खुळुळुळु. आणि समोर गाडीसुद्धा तेच म्हणत होती. ज्या माणसाला ओढा आणि इंजिन यातला फरक कळत नाही, त्या मलासुद्धा त्या शांततेत तो आवाज ओळखू आला. पायलीत दाणे हलवल्यासारखा, माझ्या गाडीनं आठ दिवस काढला होता तोच.

भाऊंनी मान हलवली आणि म्हणाले, टॅपेट आहे, टिकटिक होणारच, त्याला काही होत नाही, जा बिनघोर.

मी गोंधळलो. टिकटिक? तिनं टिकटिक म्हटलंच नव्हतं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. नेहमी माझंच चुकतं. बाकीच्यांकडं बघितलं, ते तंबाखूत रमलेले. आशाताईनं गाडीला गिअर टाकला. भाऊ तिच्याकडं बघत होते, तिच्या डोळ्यांकडं नव्हे, तिच्या तोंडावरच्या त्या कापडाकडं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही भाव होता, की पोराला उत्तर येत नसलं आणि त्यानं अंदाजानं ठोकून दिलं की त्याचा होतो तसा. तीस वर्षं तो चेहरा मी रोज वर्गात बघतोय. एका क्षणात माझ्या डोक्यात सगळं जुळलं. उजेडात या, माझ्याकडं तोंड करा, फोन नको, दातातलं डिसमिस. या माणसाला ऐकू येत नव्हतं.

ओरडून सांगावं, की भाऊ, चुकलं, ही चेन आहे, तर चार माणसांत त्यांचा शब्द मी मोडला, आणि ऐकू येत नाही हे गावाला कळलं. गप्प बसावं तर ती पोरगी ती गाडी घेऊन घाट उतरणार. आणि मी बरोबर आहे याची तरी काय खात्री? माझं कान आणि इंजिन या विषयातलं ज्ञान सगळ्यांना माहीत. पण गाडी हलली तसा मी उठलो, तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो, आणि भाऊंकडं तोंड करून, उन्हात, ओठांचा चंबू करून जेवढं मोठ्यानं काढता येईल तेवढं मोठ्यानं काढलं, ‘खुळुळुळुळु!’ म्हटलं, भाऊ, माझी गाडी असंच म्हणायची, आठवतं का? हीपण तसंच म्हणतेय, खुळुळुळु!

ओटा खदखदून हसला. कुणीतरी म्हणालं, गुरुजींची गाडी आता गुरुजींच्या अंगात आली. हसू द्या. भाऊ हसले नाहीत. ते माझ्या ओठांकडं बघत होते. मग त्यांनी गाडीकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं, आणि त्यांना कळलं की मला कळलंय.

ते आशाताईला म्हणाले, ‘पोरी, त्यो स्कार्फ सोड, आन माझ्याकडं बघून सांग.’ मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. सकाळी गार असताना जास्त वाजते का? ॲक्सिलेटर सोडला की वाढते का? हल्ली किक जास्त माराव्या लागतात का? ऑईल कधी बघितलं? ती सांगत गेली, ते तिच्या ओठांवर नजर ठेवून मान हलवत गेले. ऑईलची कांडी काढून बघितली, ती जवळजवळ कोरडी. मग खिळ्यावरचं डिसमिस घेतलं. गाडीच्या डाव्या अंगाला, इंजिनाच्या वरच्या बाजूला टोक ठेवलं, मूठ कपाळावर टेकवली, आणि मला ॲक्सिलेटर वाढवून सोडायला सांगितलं. मी वाढवायचो, सोडायचो. हाडातून जेवढं येईल तेवढं ते गोळा करत होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, की हा माणूस गाडीच्या पाया पडतोय.

उठायला त्यांना वेळ लागला. उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘मघाशी मी सांगितलं त्ये चूक. टायमिंगची चेन हाय, टेन्शनर दाबत न्हाई. ही गाडी घाटात न्यायची न्हाई.’

मला वाटलं होतं, आता कुणीतरी टोमणा मारेल. कुणी मारला नाही. उलट एक म्हातारबा म्हणाले, बघा, चुकलं तर चुकलं म्हणणारा माणूस हाय. आशाताईची गाडी गिरणीच्या भिंतीला लावली. बाळंतीण खोळंबली होती, म्हणून मी माझी दुरुस्त केलेली गाडी तिला दिली. ती गेली. लाईट काही येईना, लोकही एकेक करून उठले. मला आता जायला गाडीच नव्हती, तेव्हा ओट्यावर आम्ही दोघं साडू उरलो.

त्यांनी डिसमिस पुन्हा खिळ्याला अडकवलं. मग विचारलं, तिनं खरं काय म्हटलं होतं? मी त्यांच्याकडं तोंड करून सांगितलं, खुळखुळ. ते स्वतःशीच मान हलवत राहिले. म्हणाले, बारीक आवाज आधी जातात. ट्रॅक्टर ऐकू येतो, ढोल ऐकू येतो. चेन येत नाही, टॅपेट येत नाही. लोकांच्या तोंडाकडं बघून आणि दातातून ओढून इतके दिवस काढले, दात गेल्यावर नुसत्या तोंडांवर काढले. मी या माणसाला विक्षिप्त म्हणत होतो, घरी त्याच्या नकला करत होतो, आणि हा बिचारा प्रत्येकाच्या ओठांवरून एकेक आवाज वेचून घेत होता. मी म्हटलं, भाऊ, आपण नगरला जाऊ, कानाच्या डॉक्टरांना दाखवू, मशीन बसवू, लोक काय म्हणतील त्याची फिकीर करू नका.

‘लोकांचं काय न्हाई वो,’ ते म्हणाले आणि घराच्या दाराकडं बघितलं. आत ताई चहा ठेवत होत्या. मग आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मते खाली आणून, त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणाले, ताईंचं आणि त्यांचं चाळीस वर्षं पटलं नाही, ते तर मला माहीतच आहे. ती एक म्हणायची, हे दुसरं. गेली दोन वर्षं ती काय म्हणते ते त्यांना कळतच नाही, म्हणून ते आपले सगळ्याला व्हय म्हणतात.

‘परवा समोर बसली हुती, म्हनून तोंडावरनं कळलं. म्हनली, उशिरा का हुईना, तुमी माझं ऐकाया लागलात. डोळ्यांत पानी हुतं वो तिच्या, गुरुजी. आता मशीन लावलं की समदं ऐकू यील. मग मी तिचं ऐकंन का?’

भाषा शिकवण्यात जन्म गेला माझा, आणि ‘ऐकणे’ या एका क्रियापदाचा अर्थ मला त्या ओट्यावर कळला. तेवढ्यात आतून ताईंनी विचारलं, आजपास्नं चहात साखर घालत न्हाई, डॉक्टरनं सांगितलंय, चालंल ना? भाऊ माझ्या तोंडाकडं बघत होते. मी हळूच होकारार्थी मान हलवली.

‘व्हय, व्हय,’ भाऊ मोठ्यानं म्हणाले.

बिनसाखरेचा चहा आला. तीन-तीन चमचे साखर घेणारा तो माणूस पहिल्या घोटाला थबकला, माझ्याकडं बघितलं, आणि सगळा चहा तळापर्यंत प्यायला. ताई दाराला टेकून त्यांच्याकडं बघत होत्या. इतक्या मायेनं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मीही माझा कप संपवला, उठलो, आणि पुढच्या रविवारी येतो म्हणून सांगितलं, भाऊंकडं तोंड करून, उजेडात उभं राहून, सावकाश.